प्लास्टिकची फौज

भीमराज आणि पुष्कर, दोघं म्हातारे दोस्त, दर रविवारी टेबलावर बोटभर उंचीच्या खेळण्यातल्या सैनिकांनी मराठे-निजामांची खर्ड्याची लढाई मांडत. नियम त्यांचाच, जुना: हात लागून आडवा झाला तो सैनिक मेला. अलीकडं भीमराजचे हात थरथरायचे. मागल्या रविवारी त्याची अर्धी फौज न लढताच मेली, तेव्हा "बस झालं आता, लेका," म्हणून तो थकून उठला होता.

आज पुष्करनं धातूची फौज पेटीतच ठेवली आणि प्लास्टिकची मांडली.

"काहून बदलली? धातूला वजन व्हतं. हे तर फुंकरीनं पडतील."

"रंग छान बसतो यांच्यावर. चल, तुझी चाल."

भीमराजनं घोडेस्वार पुढं सरकवला. बोटं थरथरली, शेजारचे तिघं आडवे झाले. मेलेले म्हणून तो ते उचलायला लागला.

"पंख्याच्या वाऱ्यानं पडले ते," पुष्कर म्हणाला. "वाऱ्यानं पडलेला मेला धरत नाहीत. उभे कर."

भीमराजनं वर पाहिलं. दुपारपासून लाइट नव्हती. छताचा पंखा गप लटकत होता, आणि पुष्करच्या कपाळावरून घामाची धार लागली होती.

"व्हय," सैनिक उभे करत तो हळूच म्हणाला, "लई वारं सुटून राहिलं आज."