बिनगोडाचा चहा

रीटामावशींनी डबीतल्या दोन बिनसाखरेच्या गोड गोळ्या शीलाच्या चहात टाकल्या आणि नवऱ्यापुढे रव्याच्या केकचे तीन तुकडे ठेवले.

"साखर बंद झाल्यापासून आमचे हे बिनधास्त केक खातात," त्या म्हणाल्या. "तुझीच कृपा गो."

आशा सेविका असलेल्या शीलाने तुकडे मनात मोजले. चहातून हाकललेली साखर मागच्या दाराने लोण्यासकट परत आली होती. मार्सेलकाकांच्या पोटाकडे बघता तिचा मुक्कामही बराच लांबलेला दिसत होता.

दोन वर्षांपूर्वी माजिवड्याच्या या गल्लीत घरोघरी फिरून शीलानेच सांगितलं होतं, वजन उतरवायचंय तर साखरेऐवजी गोळी घ्या. गेल्या आठवड्यात प्रशिक्षणात नवाच सल्ला मिळाला. वजनासाठी या गोळ्यांचा पुढे जाऊन फायदा दिसत नाही, गोडाची सवयच कमी करा. बाकीच्या आशा सेविका म्हणाल्या, कोण विचारायला येतंय? खरंच कोणी येणार नव्हतं. म्हणून शीलाच निघाली. हे बत्तिसावं घर. एकतीस घरांतले टोमणे तिने मुकाट पिशवीत घातले होते.

इथे मात्र प्रश्न टोमण्यांचा नव्हता. मावशींच्या नातीचं, टान्याचं बाळ झोळीत झोपलेलं. लसीच्या मागच्या डोसनंतर त्याला ताप आला, तेव्हापासून मावशींनी सुया बंद केल्या होत्या. शीलाने महिनाभर उंबरठा झिजवला, तेव्हा कुठे गुरुवारच्या गोवराच्या लसीला त्या तयार झाल्या. 'तू म्हणतेस म्हणून,' एवढंच म्हणाल्या होत्या.

आज चहा पिऊन उठायचं आणि शुक्रवारी येऊन सांगायचं, हे सोपं होतं.

"मावशी, गोळीचं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," शीला म्हणाली.

मग तिने सगळंच सांगितलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये, हेसुद्धा.

मार्सेलकाकांनी केकचा तुकडा बशीत ठेवला. पुढच्या वर्षी साखरच औषध म्हणून वाटत येशील, असं म्हणून ते एकटेच हसले.

मावशी हसल्या नाहीत. "तुला कोणी पाठवलं हे सांगायला?"

"कोणी नाही."

"मग गुरुवार तरी जाऊ द्यायचा होतास."

"गुरुवारी तुम्ही माझ्या शब्दावर येणार ना, मावशी. मग हे आधीच सांगायला हवं."

मावशी उठल्या. शीलाच्या हातातला कप घेऊन आत गेल्या आणि चहा मोरीत ओतला. ओतल्याचा आवाज बाहेर आला. शीलाने पिशवी खांद्याला लावली.

तेवढ्यात मावशी दुसरा कप घेऊन आल्या. साखर नाही, गोळी नाही. शीलाने घोट घेतला. तोंड वाकडं झालं, ते तिने लपवलं नाही.

मावशींनी ते नीट बघून घेतलं.

"गुरुवारी बाळाला दूध पाजून आणू," त्यांनी विचारलं, "की तिथे आल्यावर?"