खिचडीचं माहेर

खिचडीचा पहिला घास तोंडाशी नेता नेता यशोधनला राहवलं नाही. नवा जावई, सासुरवाडीची पहिलीच एकादशी. छाप तर पाडायलाच हवी!

“आई, गंमत माहितेय? बटाटा, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलं. आपल्या पूर्वजांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मग हे उपासाला चालतं कसं?”

सासऱ्यांचा चमचा हवेतच थांबला. सासूबाई शांतपणे उठल्या नि त्यांनी जावयाची वाफाळती बशी उचलली. “आम्हाला काही हे पटलेलं नाही, जावईबापू, त्यामुळे आम्हाला चालतं. तुम्हाला मात्र पक्कं ठाऊक आहे. जाणूनबुजून उपास कशाला मोडायचा?”

बशी सासऱ्यांनी आनंदानं आपल्यापुढे ओढली. यशोधनच्या हाती केळं आलं.

केळ्याबद्दलही त्याला एक भन्नाट गोष्ट ठाऊक होती. त्यानं ती केळ्याबरोबर मुकाट्यानं गिळली.