बाल्बानचं माप

सागिन बंदूक घेऊन कालीपाच्या अंगणात शिरला, तेव्हा बाल्बान चुलीच्या उबेला अंग पसरून पडला होता. त्यानं डोळा उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. बाल्बान हे मांजराचं नाव, अर्थ पैलवान. कालीपानं ते काही उगाच ठेवलेलं नव्हतं.

सागिनच्या मागून गावचा अक्साकाल, म्हणजे वडीलधारा, म्हातारा एशेनकुल आला. गावात भांडण लागलं की त्याला बोलवायचं आणि तो म्हणेल ते मान्य करायचं, ही रीत. सागिननं उभ्याउभ्याच गाऱ्हाणं मांडलं. काल पहाटे त्याच्या मेंढवाड्यात नवं कोकरू गळा फाडलेलं सापडलं होतं. कुंपणावरून उडी मारून जाणारं मोठं मांजर त्याच्या बायकोनं पाहिलं होतं. आणि एवढं मोठं मांजर गावात एकच. खरं तर हे मांजरच नव्हे, नदीकाठच्या बोरूच्या बेटातल्या रानटी जनावराची औलाद आहे, असं त्याचं म्हणणं. आज कोकरू गेलं, उद्या पाळण्यातलं पोर जाईल.

"घरचं मांजर केवढं असतं, कालीपा एजे? हे एवढं," त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "आमच्या घरी आहे की. येऊन बघा."

कालीपानं पिठाचे हात झटकले आणि उभी राहिली. ती उभी राहिली की सागिनला मान वर करावी लागे. तिच्याइतकी उंच बाई गावात दुसरी नव्हती, पुरुषही एखाददुसराच.

"पाहिलंय तुझं मांजर," ती म्हणाली. "त्याच्या बरगड्या मोजता येतात. ताकाची निवळी आणि लाथा, एवढ्यावर ठेवलंय तुम्ही त्याला. तुझ्या चिकटपणाचं माप आता सगळ्या जगाला लावणार?"

एशेनकुलच्या दाढीत हसू हललं आणि लगेच विझलं. सागिन मात्र चिडला. जनावरांच्या डॉक्टरला विचारून आलोय, म्हणाला. मांजर चार-पाच किलोचं असतं, त्याच्यावर गेलं की ते जास्तच.

"मग त्या डॉक्टरला म्हणावं, मलाही तोलून जा. मीही जास्तच भरेन. पोरगी फार वाढली, फार वाढली, हे ऐकतच मी म्हातारी झाले. माझ्याबद्दल बोललात तेव्हा गप्प बसले. याच्याबद्दल नाही बसायची."

बोलली खरी, पण निवाडा तिच्या हातात नव्हता. एशेनकुलनं एकदा 'रानटी' म्हटलं की सागिन तिथंच गोळी घालणार, आणि मग तिलाही तोंड उघडता येणार नव्हतं. त्या घरात तिची वाट पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हातारा तर सागिनकडचा चहा पिऊन आलेला, त्याचं मत वाटेतच जवळजवळ ठरलं होतं. तो खाकरला.

तेवढ्यात गावाच्या टोकाकडून अजान ऐकू आली. निवाडा बाजूला राहिला. एशेनकुलनं वजूला, नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, पाणी मागितलं.

कालीपा आत जाऊन झारी घेऊन आली, रिकामीच. दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला वाडगा होता. तो तिनं बाल्बानच्या तोंडापुढे ठेवला. बाल्बाननं आळसावून मान उचलली आणि लपालपा पाणी प्यायला. त्याचं होईपर्यंत ती शांतपणे थांबली. मग वाडग्यातलं उरलेलं पाणी तिनं झारीत ओतलं आणि झारी म्हाताऱ्यापुढे ठेवली.

सागिननं आ वासला. घरचं मांजर रात्रंदिवस माणसांच्या पायांत फिरतं, त्याच्या उष्ट्यानं पाणी बाटत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक. रानटी जनावरानं तोंड लावलेलं पाणी मात्र वजूला चालत नाही.

"अक्साकाल," कालीपा म्हणाली, "हे रानातलं जनावर असेल, तर पाणी ओतून टाका आणि याला गोळी घालू द्या. मी चकार शब्द काढणार नाही. घरचं मांजर असेल, तर याच पाण्यानं वजू करा. नमाजला तुम्हीच उभे राहणार आहात. तेव्हा माप नीट काढा."

एशेनकुलनं झारीत डोकावून पाहिलं. दुसऱ्याच्या मांजराचा निवाडा सोपा होता. आता चूक झाली तर ती त्याच्या स्वतःच्या नमाजला लागणार होती.

बाल्बान उठला. त्यानं पुढचे पाय ताणून असा आळस दिला की सागिनचा हात बंदुकीवर घट्ट झाला. मग तो डुलत डुलत म्हाताऱ्याकडे गेला, त्याच्या बुटाला कपाळ घासलं आणि तिथंच बसून पंजा चाटून तोंड पुसू लागला. आधी गाल, मग कानामागे, सावकाश.

म्हाताऱ्यानं बूट मागे घेतला नाही.

"यानं तर माझ्या आधी वजू केला," तो म्हणाला.

त्यानं बाह्या सारल्या, तिवईवर बसला आणि दोन्ही तळहात पुढे धरले. धरूनच बसला. मोठ्यांच्या हातांवर पाणी घालायचं ते वयानं सगळ्यांत लहान असेल त्यानं. सागिननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याच्याहून लहान अंगणात कुणी नव्हतं. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली आणि झारी उचलली.

"धार बारीक धर, सागिन," कालीपा म्हणाली. "बाल्बानला अजून तहान आहे."