वापरून बघा

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकायला मी त्यांना पेनड्राइव्ह पाठवला, त्याला तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी फोन करायचे आणि रोज तेच उत्तर: "सुरू केला की पुन्हा विचारतो, नुसतं वापरून बघायचंय की कायमचं इन्स्टॉल करायचंय."

फोनवरून सांगून सांगून बूटच्या यादीत हार्ड डिस्क वर आणून झाली, सिक्युअर बूट बंद करून झालं, एकेक सेटिंग बदलून माझं डोकं उठलं.

"इन्स्टॉल झाल्यावर पेनड्राइव्ह काढलात ना, बाबा?"

"काढला गं."

आज घरी येऊन बघते तर काखेत कळसा आणि गावाला वळसा! पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या कडेला खोचलेलाच होता. इन्स्टॉल कधी केलंच नव्हतं. स्क्रीनवर मात्र पानभर मजकूर होता, आई गेली त्या दिवसाचा. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'सकाळी तिने हाक मारली. मी म्हटलं, थांब, दाढी उरकून येतो.'

मला पुढे वाचवेना.

"अहो, हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललंय. लॅपटॉप बंद केलात की लिहिलेलं पुसलं जातं."

"माहितीये. रोज लिहितो, रोज पुसलं जातं."

"थांबा, दहा मिनिटांत कायमचं इन्स्टॉल करून देते."

बाबांनी लॅपटॉप हळूच स्वतःकडे ओढला.



"राहू दे. या घरात एकाला तरी सकाळी काही आठवत नाही."