झोपलेल्यांचं काय?

घोषणा आली तेव्हा ती एका कवळीच्या मेणात समोरचे दात बसवत होती. मोबाइल थरथरला. तिने वाचलं, तो उपडा ठेवला आणि पुन्हा चिमटा उचलला. दात वाकडा बसला.

‘मुक्काम’ महिनाअखेर बंद होणार होता. त्याच्या जागी ‘वस्ती’ येणार होती. मोठी, देखणी, खऱ्यासारखं ऊन पडणारी.

दात बनवण्याच्या त्या कारखान्यात मुक्कामात राहणारी ती एकटीच. शेजारच्या टेबलावरचा कारागीर म्हणाला, “खेळच ना तो? नवा आला की जुना जाणार.”

“हो,” ती म्हणाली आणि वाकडा दात उपटून पुन्हा लावायला घेतला.

संध्याकाळी घरी येऊन तिने कपडेही न बदलता मुक्कामात शिरायचा चष्मा डोळ्यांवर चढवला, कानांवर हेडफोन लावले. मुक्कामातल्या चौकात ही गर्दी. कुणी कंपनीला शिव्या घालत होतं. कुणी हौसेने बांधलेलं घर स्वतःच्याच हाताने पाडत होतं. एक घोळका नव्या वस्तीच्या आनंदात नाचत होता आणि त्याच्या बाजूलाच एक बाई जमिनीवर फतकल मारून रडत होती.

ती कुठे थांबली नाही. तळ्याकाठी त्यांचं घर होतं. मागच्या अंगणात नवऱ्याने बनवलेल्या लाकडी होड्या ओळीने ठेवलेल्या. पुढे ओट्यावर नवरा बसलेला, मान खाली घालून झोपलेला.

मुक्कामातून रीतसर बाहेर न पडता कुणी चष्मा काढला, की त्याची आकृती अशी झोपून राहायची. नवरा जहाजावर इंजिन सांभाळायचा. दोघं इथे गप्पा मारत असतानाच त्याला कामावरून बोलावणं आलं आणि तो घाईघाईत चष्मा काढून उठला. पुढे जहाज वादळात बुडालं. काही जण सापडले, काही नाही. तो न सापडलेल्यांत. कागदोपत्री तो मेला. इथे मात्र तो झोपला होता, आणि तेव्हापासून रोज ती त्याच्याशेजारी बसून दिवसभराचं सगळं सांगायची. कारखान्यात कोण कुणाशी भांडलं, कुठल्या आजोबांनी नवी कवळी कुत्र्याला चावायला दिली, सगळं.

शेजारचा पोस्टमास्तर आला. टपालाशी त्याचा काही संबंध नव्हता, इकडच्या बातम्या तिकडे करायचा म्हणून हे नाव पडलेलं. त्याची बायको आजारपणात गेली होती. तीही तळ्याकाठच्या बाकावर झोपलेली होती.

“झोपलेल्यांचं काय?” तिने विचारलं.

“तेच विचारून आलो. ज्याने त्याने स्वतः यायचं, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा. मग तो आणि त्याची चीजवस्तू वस्तीत जाणार. उरलेलं सगळं पुसणार.”

“आणि ज्याला येताच येत नाही, तो?”

पोस्टमास्तरने बाकाकडे पाहिलं आणि तो तिकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने जेवणाच्या सुट्टीत कंपनीला फोन लावला.

“मॅडम, जुना फोटो चालणार नाही,” पलीकडची मुलगी म्हणाली. “जिवंत चेहराच लागतो.”

“ते जिवंत असते तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?”

मुलीने सॉरी म्हटलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

रविवारी नणंद आली. भावाच्या मागे तिने येणं-जाणं सोडलं नव्हतं, पण आली की बूड टेकवायची नाही. कधी पडदे नीट कर, कधी स्वयंपाकाचा ओटा पूस.

“वहिनी, सोड आता हे,” ती ओटा पुसता पुसता म्हणाली. “दादा गेला असं धरून चाल.”

“धरायचं काय त्यात? गेलाच आहे.”

नणंदेचा हात जरा थांबला. “तेच म्हणते मी. त्या नव्या ठिकाणी जा. दुसरं घर बांध. तुझं वय काय झालंय असं?”

“आणि त्याच्या होड्या?”

“त्याच्या होड्यांचं तू नको बघूस,” नणंद तोडून बोलली. मग फडकं पिळलं आणि चहा न घेताच गेली.

मुक्काम रिकामा होत गेला. शेवटच्या सकाळी तिने कामावर रजा टाकली. पोस्टमास्तर बायकोजवळ बाकावर बसला होता.

“तुम्ही गेला नाहीत?”

“हिला इथे टाकून कुठे जाऊ?” तो म्हणाला. “तुम्ही जा. अजून वेळ आहे.”

तिनेही चेहरा दाखवला नव्हता. ती ओट्यावर जाऊन नवऱ्याला खेटून बसली. खेटल्याचं अंगाला काही कळत नव्हतं, पण सवय होती.

दुपारी पुसणं सुरू झालं. आधी पलीकडचा डोंगर गेला. मग झाडं. मग तळं काठाकाठाने कमी होत आलं. बाकावर पोस्टमास्तरने बायकोच्या गळ्यात हात टाकला आणि पुढच्या क्षणी तिथे बाकही नव्हता.

“बरं झालं,” ती नवऱ्याला म्हणाली. “या वेळी तरी एकटा जात नाहीयेस.”

त्याचा खांदा हलला.

चित्र फाटत असेल, असं तिला वाटलं. पण त्याची मान वर झाली, डोळे उघडले. तिच्या कानात कुणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं तिने हजारांत ओळखलं असतं. मग त्याचा आवाज आला, पण तिच्याशी नाही, तिकडे त्याच्या खोलीतल्या कुणाशी तरी बोलणारा.

“थांब गं, चेहरा दाखवतोय. झालंच.”