शुद्धीचा एक तास

ऋजुताने कुमुदिनीबाईंच्या कानामागे औषधाची पट्टी लावताच त्यांनी रोजच्याप्रमाणे कपाळावरचे कुंकू पुसले. पट्टीच्या त्या तासाभरात त्यांना सगळे आठवे: ऋजुता आपली लेक आहे, आणि तिचे बाबा आता नाहीत.

"उद्यापासून ही लावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "रोज नव्याने विधवा होते मी."

"आणि मी, आई? एवढा एकच तास तू मला ओळखतेस."

कुमुदिनीबाईंनी तिचा हात कुरवाळला, पण शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऋजुता पट्टी हातात घेऊन खोलीभर येरझाऱ्या घालत राहिली.

"अहो, उभ्या का? बसा ना," आई हसून म्हणाली. "हे येतीलच इतक्यात. आपण कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," म्हणत ऋजुता मूठ घट्ट मिटून पाहुण्यांच्या खुर्चीत बसली.