बीबी परसिन्नीची साक्ष

साहेब लंबरदाराच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, अंगणात खाटेवर बसला होता आणि बीबी परसिन्नी आतल्या दाराआड उभी होती. सरकारनं गावात मुलींची शाळा काढली, तिथं एकही मुलगी का येत नाही, याचा तपास करायला साहेब लाहोरहून आला होता. विलायतेतून नुकताच आलेला, पंजाबी त्याला येत नव्हतं. मधे दुभाष्या म्हणून शाळाखात्याचा डिप्टी मुल्कराज उभा होता. या गावात मुलींना पांढऱ्यावरचं काळं कळत नाही, इथं शाळा हवी, असं वर कळवलं होतं ते त्यानंच.

एखाद्या बाईला विचारू या, हा हट्ट मात्र साहेबाचा होता. म्हणून परसिन्नीला बोलावणं गेलं. तिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

नवरा गेल्यापासून ती आपल्या अंगणात गावच्या पोरींना गुरुमुखी लिहायला-वाचायला शिकवत आली होती. आया पीठ नि गूळ आणून द्यायच्या. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या की आधी तिच्या पाया पडायला यायच्या. मग सरकारी शाळा आली. शिकवायला मुन्शी, तोही परगावचा, आणि शिकवायचा उर्दू. परक्या पुरुषापुढे आमच्या लेकी बसायच्या नाहीत, असं बापांनी सांगून टाकलं. शाळा ओस पडली, तेव्हा डिप्टीनं ठरवलं की पोरी परसिन्नीकडे जातात म्हणून इकडे येत नाहीत. तिचं अंगण बंद करण्याचा हुकूम निघाला. लंबरदार हाकम सिंग तिचा धाकटा दीर. निरोप सांगताना त्याची मान वर होत नव्हती. त्या दिवसापासून पोरी ना इकडे, ना तिकडे. शेण थापत होत्या.

हे सगळं तिनं आज दाराआडून सांगितलं. मुन्शीच्या जागी बाई द्या, म्हणाली. बाई मिळत नसेल तर सरकारचं काही नको, फक्त माझं अंगण मला उघडू द्या. पोरींना शिकायचं आहे, त्यांच्या आयांनाही हवं आहे, एकेकीला बोलावून विचारा.

साहेब मन लावून ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर त्यानं डिप्टीकडे पाहिलं. डिप्टीनं इंग्रजीत सांगितलं. एवढ्या बोलण्याचं ते फारच थोडकं भाषांतर होतं.

साहेबानं खेदानं मान हलवली आणि काहीतरी म्हणाला.

डिप्टी दाराकडे वळला. "साहेब म्हणतात, लोकांनाच मुली शिकवायच्या नसतील तर सरकार तरी काय करणार? शाळा दुसऱ्या गावी नेतील."

"मी असं म्हटलं नाही, डिप्टीजी."

डिप्टी हातातले कागद गुंडाळू लागला.

"आणि माझं अंगण?"

"हुकूम आहे तो, बीबीजी. जिथं लोकांना शिक्षण नकोच, तिथला हुकूम फिरवायला मी वर काय कारण सांगू?"

परसिन्नीनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि उंबरा ओलांडून ती अंगणात आली. परक्या माणसांपुढे ती अशी पहिल्यांदाच येत होती. हाकम सिंग खाटेमागे उभा होता. त्यानं डोळ्यांनीच तिला मागं फिर म्हटलं. ती फिरली नाही. साहेबासमोर हात जोडून उभी राहिली आणि पंजाबीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पोरींना शिकायचं आहे. या माणसानं तुम्हाला खोटं सांगितलं."

साहेब लगबगीनं उठला. ही काय म्हणते, असं त्यानं डिप्टीला विचारलं असावं. डिप्टीच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं एकवार हाकम सिंगाकडे पाहिलं. हाकम सिंग जमिनीकडे बघत राहिला. मग डिप्टी साहेबाला काहीतरी बोलला. साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं टोपी काढली, परसिन्नीपुढे किंचित वाकला आणि घोड्याकडे चालू लागला.

"काय सांगितलंत त्यांना?" तिनं विचारलं.

डिप्टीनं हलक्या आवाजात सांगितलं, "तुम्ही आशीर्वाद दिलात, असं सांगितलं." मग म्हणाला, "माझीही नोकरी आहे, बीबीजी." आणि तोही साहेबामागं गेला.

घराच्या वाटेवर तिला तिच्याकडे शिकणाऱ्या एका पोरीची आई, रली, भेटली. तिनं लेकीला न्हाऊ-माखू घालून, घट्ट वेणी घालून आणलं होतं. पोरीच्या हातात लाकडी पाटी होती. लिहिण्यासाठी पाटीवर फासलेली माती अजून ओली होती.

"बीबी, सांगितलंस ना साहेबाला?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग काय म्हणाला?"

परसिन्नीनं पोरीच्या वेणीवरून हात फिरवला.

"त्यानं माझे आभार मानले," ती म्हणाली.